गोह आंटीची पुढे ढकललेली लॉरी

शनिवारी गोह आंटीच्या शेतावरून परत आलं, की बुटांना चिखल लागलेला असतो आणि डोक्यात एखादा किस्सा अडकलेला असतो. चिखल बाथरूममध्ये धुता येतो. (बायकोची त्यावर वेगळी मतं आहेत, पण ते असो.) किस्से मात्र साचत जातात. आणि साचलेलं काढून टाकायचं नाही, हाच तर आमच्या त्या सगळ्या उद्योगाचा मुद्दा! तरी आता इतके साचलेत की थोडे वाहू द्यायला हरकत नाही.

आधी मंडळी सांगतो. वैदेही मूळची सांगलीची, इथे सिंगापुरात वन-नॉर्थ नावाच्या भागात पोस्टडॉक. नदीला पूर आला की पाणी कुठे पसरतं आणि कुठे पसरू द्यावं, हे तिचं संशोधन. मी पुण्याचा, आयटीवाला. राहतो पुंगोलला, ऑफिस तिच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये. एकदा दुपारी फूड कोर्टात माझ्यासमोर ताट ठेवत ती म्हणाली, "दादा, पाण्याची पातळी दाखवणारं एक छोटंसं ॲप करून द्याल? दोन तासांचं काम आहे." आयटीतल्या माणसाला कुणी दोन तासांचं काम सांगितलं, की त्याने सरळ ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जावं. मी बसून राहिलो आणि माझे शनिवार गेले.

तिसरे बापटसाहेब. सिव्हिल इंजिनिअर. पाणी लवकरात लवकर कसं वाहून जाईल, यात उभी हयात घालवलेले. वैदेही त्यांना काका म्हणते. ते त्यांना आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणते.

आणि चौथी, म्हणजे खरं तर पहिली, गोह आंटी. चोआ चू कांगच्या पलीकडे, इमारती संपून झाडं सुरू होतात तिथे तिचं भाजीचं शेत आहे. उतारावर एकाखाली एक वाफे. कांगकाँग, म्हणजे आपली नाळीची भाजी, चाय सिम नावाची मोहरीच्या कुळातली पालेभाजी, लाल माठ. सगळ्यात खाली एक कोपरा आणि त्याला लागून सिमेंटचा कालवा. मोठा पाऊस झाला की वरच्या वाफ्यांतलं खत आणि माती धुऊन कोपऱ्यात, तिथून कालव्यात. कालवा भरला की तेच पाणी उलटं फिरून पुन्हा कोपऱ्यात. तिथे आंटीने जे जे लावलं ते ते कुजलं. शेवटी वैतागून तिने तो कोपरा बुजवायला मातीची लॉरी सांगितली.

नेमकी त्याच आठवड्यात वैदेही तिच्या दारात.

"तो कोपरा भरू नका," वैदेही म्हणाली, "उलट अजून खोल करू. पाण्याला बसायला जागा देऊ. काठाला ओल मानवणारी झाडं लावू, ती तुमचं खत आणि माती अडवतील. कोरडे दिवस आले की तेच पाणी पंपाने वर वाफ्यांना द्या. खतही कमी लागेल." हे सगळं ती इंग्रजीत, हातवारे करत, एका दमात बोलली. आंटीने एकदा कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे.

"सी हाऊ," आंटी म्हणाली.

सी हाऊ म्हणजे "बघू". आपल्याकडे मुलगी बघून आलेले लोक फोनवर म्हणतात, तेच ते बघू. त्यात हो पण असतं आणि नाही पण असतं.

दोन अटी पडल्या. वरचे वाफे बुडता कामा नयेत. डास होता कामा नयेत. आणि मुदत चायनीज न्यू इयरपर्यंत. "लॉरी आय नेव्हर कॅन्सल," आंटीने बोट उगारून बजावलं. "आय पुश बॅक ओन्ली. न्यू इयर फिनिश, लॉरी कम."

परतीच्या बसमध्ये वैदेहीने सॅक मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "दादा, माझ्या सगळ्या नद्या लॅपटॉपमध्ये आहेत. हात बुडवता येईल असा हा एवढाच कोपरा मिळालाय. तो बुजला ना, तर मी दुसऱ्या कुठल्या शेतकऱ्याच्या दारात काय तोंड घेऊन जाऊ?"

*

परवानग्यांचं पुराण लावत नाही. त्या मिळाल्या, कोपरा खोदून झाला, काठाला झाडं लागली आणि एका पावसात तो पहिल्यांदा काठोकाठ भरला. त्या शनिवारी आम्ही सगळे बघायला गेलो. बापटसाहेबही आले. "बघून तर घेऊ काय खूळ आहे ते," असं म्हणत आले, पण आले.

पाणी अगदी शांत पसरलं होतं. वैदेही त्याच्याकडे लेकराकडे बघावं तशी बघत होती. आंटीने शेडमध्ये चहाला हाक मारली. आम्ही गेलो. बापटसाहेब म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा इथेच आहे."

चहा झाला, बिस्किटं झाली, आंटीच्या मांजराचं कौतुक झालं. परत येतो तर कोपरा रिकामा! तळाला नुसता चिखल, त्यात दोन बगळे आणि कडेला बापटसाहेब, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात आंटीचं फावडं. काठापासून कालव्यापर्यंत त्यांनी एक नाली काढली होती. काय नाली होती! उतार बरोब्बर, कडा सुरीने कापल्यासारख्या.

कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले, "हं! झाला एकदाचा निचरा!"

त्यांनी आमचे चेहरे पाहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. फावडं हळूच खाली ठेवत ते म्हणाले, "अगं... सवय गं. साचलेलं दिसलं की हात थांबत नाहीत माझे."

वैदेहीच्या डोळ्यांत पाणी होतं. पण तिने ती नाली नीट निरखली आणि म्हणाली, "काका, इतकी सुंदर नाली मी पुस्तकातसुद्धा पाहिली नाहीये. आता हीच बुजवा."

त्यांनी बुजवली. तेही तितकंच सुंदर.

*

माझी मुलगी इरा प्रायमरी स्कूलला आहे. सिंगापुरात मुलं बाराखडीच्या आधी एक गोष्ट शिकतात: साचलेलं पाणी दिसलं की ओतून द्यायचं. कुंडीखालची ताटली, बादली, फुलदाणी. डासांच्या अळ्या घरात सापडल्या तर दंड होतो, त्यामुळे आमच्या घरात फुलदाणीतल्या फुलांनाही तहान लागलेली असते. इराला शाळेत या कामाचा बिल्ला मिळालेला आहे. हे मला माहीत होतं. तरी मी तिला शेतावर घेऊन गेलो, म्हणजे कपाळाला हात मीच लावून घ्यायला हवा.

वैदेहीने आठवडाभर खपून काठाला ट्रे मांडून ठेवले होते. प्रत्येकात वेगवेगळ्या जागचं पाणी. कुठल्या पाण्यात बेडकाची पिल्लं, कुठल्यात चतुराच्या अळ्या, कुठल्यात काय, हे तिला बघायचं होतं. डास होत नाहीत हे आंटीला दाखवायचं, तर पुरावा तोच. आम्ही दोघं पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरच्या खांबाशी झटापट करत होतो. इरा शहाण्यासारखी एकटीच खेळत होती. फारच शहाण्यासारखी.

"पप्पा! ऑल क्लिअर ऑलरेडी!"

सगळे ट्रे ओळीने पालथे. पाणी गवतात. इरा छाती काढून उभी, बिल्ला मिळालेल्या माणसाने उभं राहावं तशी.

मी तोंड उघडणार तेवढ्यात वैदेहीने माझा हात दाबला. ती इराजवळ उकिडवी बसली, गवतात वळवळणारं एक पिल्लू ओंजळीत घेतलं आणि इराला दाखवलं. "याला ना, पाण्यात राहायचं होतं. आणि हा मोठा झाला की डास खातो." इराचा चेहरा पडला. मग दोघींनी मिळून, हाताला लागतील तेवढी पिल्लं वेचून पाण्यात सोडली. बराच वेळ चाललं ते. मला वाटलं, चला, पोरगी आज काहीतरी शिकली.

निघताना इरा काठावर थांबली. सगळा कोपरा या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने नजरेने मापला आणि अत्यंत काळजीने म्हणाली, "बट मावशी, धिस वन सो बिग. हाऊ टू टर्न ओव्हर?"

*

तळाचा गाळ तपासायला लॅबमध्ये न्यायचा होता. बसमधून चोआ चू कांग, तिथून एमआरटीने वन-नॉर्थ. वैदेहीने गाळ डब्यात, डबा पिशवीत, पिशवी सॅकमध्ये असा बंदोबस्त केला होता. पण पाणथळीचा गाळ तो, त्याला स्वतःचं असं व्यक्तिमत्त्व असतं. स्टेशनात शिरताच आजूबाजूचे लोक एक एक पाऊल लांब सरकले.

गेटवरचे अंकल जवळ आले. इथे ड्युरिअन नावाचं फळ ट्रेनमध्ये न्यायला बंदी आहे. फणसाला जत्रेत हरवायचं आणि चार दिवसांनी शोधायचं, म्हणजे जो वास येईल तो ड्युरिअनचा.

"मिस, ड्युरिअन कॅनॉट हां."

"नो नो, नॉट ड्युरिअन. मड."

"मड?"

तिने सॅक उघडली, पिशवी उघडली, आणि एवढ्यावर थांबायचं सोडून डब्याचं झाकणही किलकिलं केलं. अंकल मागे सरले. त्यांनी एक मोठा श्वास... नाही, तो त्यांनी घेतला नाही. लांबूनच ते म्हणाले, "मिस, नेक्स्ट टाइम यू ब्रिंग ड्युरिअन."

*

आता डासवाल्या इन्स्पेक्टरचा. जवळपास कुणीतरी तक्रार केली असावी की शेतात पाणी साठवून ठेवलंय. एका सकाळी गणवेशातला एक तरुण अधिकारी दारात हजर! आंटीने वैदेहीला फोन केला, वैदेहीने मला. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा तो लांब दांड्याची पळी घेऊन काठावर वाकला होता.

आंटी हाताची घडी घालून उभी होती. एका मुठीत फोन. तो लॉरीवाल्याला लावण्यासाठी होता, हे आम्हाला न सांगता कळलं.

"हू इज इन चार्ज?" अधिकाऱ्याने विचारलं.

आंटीने घडी न सोडता हनुवटीने वैदेहीकडे बोट दाखवलं. हनुवटीने बोट कसं दाखवतात ते आंटीकडून शिकावं.

अधिकारी पळीने पाणी काढी, पांढऱ्या ताटलीत ओती, डोळे बारीक करून बघे. या कडेला, त्या कडेला, काठच्या झाडांच्या पानांखाली. वैदेही मला हळूच म्हणाली, "एक जरी अळी निघाली ना दादा, तर मी आजच लॉरीत बसून जाते."

शेवटी तो उभा राहिला. ताटलीत बोटभर लांबीचे दोन मासे आणि एक चतुराची अळी. डासाचं नाव नाही! वर त्याला ते मासे इतके आवडले की त्याने फोन काढून त्यांचा फोटो काढला. "व्हेरी नाइस," तो म्हणाला. "हूज पाँड?"

वैदेही तोंड उघडणार, तर आंटी तिच्यापुढे येऊन उभी.

"माइन लाह! हू एल्स?"

तो गेल्यावर वैदेही मोठ्या आशेने म्हणाली, "आंटी, मग लॉरी कॅन्सल?"

आंटीने फोन खिशात टाकला. "सी हाऊ."

*

पाणथळीच्या काठाला अळू लावायची कल्पना आंटीचीच. ओल त्याला मानवते, मुळं माती धरून ठेवतात, आणि न्यू इयरला अळकुड्यांचा केक करतात तो तिला करायचा होता. वैदेहीही खूश. अळूचा हा पट्टा वरून येणारं खत कसं अडवतो, याची मोजमापं तिने सुरू केली होती. महिनाभरात पट्टा कमरेइतका दाट झाला.

आणि तिथे आम्ही मराठी मंडळींची सहल नेली.

वैदेही त्या दिवशी नव्हती. दहा-बारा कुटुंबं, मुलंबाळं, डबे. आंटी शेडमध्ये भाजी निवडत होती. माझी बायको मानसी आणि बापटवहिनी चालत चालत काठाशी गेल्या आणि जागच्या जागी थबकल्या. परदेशात राहणाऱ्या मराठी बाईला समोर एवढं ताजं, कोवळं, तळहातापासून सुपापर्यंत सगळ्या मापांचं अळू दिसलं, तर ती काय करेल? तिला संशोधन दिसेल? बापटवहिनींच्या पर्समध्ये छोटी कात्री असते. बाकीच्या बायका हाका मारून बोलावल्या गेल्या. आम्ही पुरुष क्रिकेट खेळत होतो. आम्हाला वाटलं, बायका निसर्ग बघतायत.

संध्याकाळी बापटांच्या काँडोत अळुवड्यांचा घाणा सुरू झाला. मानसीने मोठ्या कौतुकाने वैदेहीलाही बोलावलं. ती आली, ताट हातात घेतलं, वडीकडे बघितलं आणि विचारलं, "वहिनी, अळू कुठून आणलंत?"

वहिनींनी सांगितलं.

वैदेही मटकन खाली बसली. "माझा फिल्टर!" एवढंच तिच्या तोंडून आलं.

सगळे ओशाळले. बापटसाहेबांना मात्र कोण आनंद झाला! नालीचं प्रकरण त्यांना अजून ऐकवलं जात होतं, आता त्यांना जोडीदार मिळाली होती, तीही घरातली. एवढ्यात कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणीतरी. अळू खाजरं होतं आणि वहिनींनी चिंच बेताची घातली होती. पाच मिनिटांत अख्खा काँडो घसा खाकरत ताकाचे ग्लास शोधत होता. वैदेहीने रडत, खाकरत तीन वड्या संपवल्या आणि म्हणाली, "पुढच्या वेळी चिंच दुप्पट घाला."

खरी गंमत पुढच्या शनिवारी. आम्ही माफी मागायला म्हणून चिंच दुप्पट घातलेल्या वड्या घेऊन आंटीकडे गेलो. आंटीला पट्टा कापल्याचा राग नव्हता, आश्चर्य होतं. "लीफ? यू ऑल ईट द लीफ? लीफ वी थ्रो वन!" तिने एक वडी उचलली, वास घेतला, चावली. मग दुसरी. तिसरी चघळत ती काठाशी गेली. कापलेल्या जागी नवी पानं आली होती, आधीपेक्षा दाट. ती बराच वेळ पानांकडे बघत राहिली आणि मग आमच्याकडे वळून अगदी धंद्याच्या आवाजात म्हणाली, "सिंगापूर गॉट हाऊ मेनी मराठी?"

*

डिसेंबरात पावसाने जोर धरला. त्यातला एक दिवस असा उजाडला की ऑफिसच्या खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसेना. वैदेहीचा फोन आला. "दादा, ॲप बघताय ना?"

मी बघतच होतो. अख्खा पश्चिम सिंगापूर धुऊन निघत होता आणि माझ्या ॲपवर कोपऱ्यातलं पाणी बोटभरही वाढत नव्हतं. रेघ सरळ. आरामखुर्चीत पाय पसरून बसावं तशी सरळ.

"याचा अर्थ काठ फुटला," वैदेहीचा आवाज चिरकला. "पाणी येतंय तसं कालव्यात चाललंय. आंटी मला मारणार!"

आम्ही टॅक्सी केली. बापटसाहेब बुओना व्हिस्टाहून वाटेत चढले, फावडं घेऊन. टॅक्सीवाला आरशातून फावड्याकडे बघत राहिला, पण पावसात कुणी कुणाला काही विचारत नाही.

शेतावर पोचलो. काठ कुठेही फुटला नव्हता. कोपरा तुडुंब भरला होता, कालव्याचं पाणी आत येऊन निवांत पसरलं होतं, आणि वरचे वाफे आपले जागच्या जागी. आमच्या सेन्सरच्या खांबावर, बरोब्बर सेन्सरच्या तोंडावर, आंटीची बांबूची टोपी लटकवलेली! सेन्सर पाण्याची पातळी नव्हता सांगत. तो इमानेइतबारे टोपीची पातळी सांगत होता.

"टोपीला धोका नाही," मी म्हणालो. हसायला कुणीच तयार नव्हतं, कारण तेवढ्यात आम्हाला सगळ्यात खालचा वाफा दिसला.

कोपऱ्याला लागून असलेला तो चाय सिमचा वाफा. निम्मा पाण्याखाली. परवा तोडणीला येणारी भाजी, तिचे फक्त शेंडे वर. आंटी रेनकोटमध्ये त्याच्या कडेला उभी होती. वैदेही चिखलातून तिच्यापर्यंत गेली. "सॉरी आंटी. कोपरा लहान पडला. मी हिशेब केला होता, पण पाऊस..."

आंटीने तिच्याकडे बघितलं. सी हाऊ म्हणाली नाही. खांबावरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि वर शेडकडे निघून गेली.

परतताना वैदेही टॅक्सीत हुंदके देत होती. "आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं होतं तेव्हा सगळे पाण्याला शिव्या देत होते," ती म्हणाली. "मी लहान होते. मला वाटायचं, त्या बिचाऱ्याला कुणी जागाच ठेवली नाही, तर ते जाणार कुठे? आणि आता मी जागा दिली, तीसुद्धा पुरली नाही."

बापटसाहेब खिडकीबाहेर बघत होते. पाणी घालवायच्या एकशे एक युक्त्या माहीत असलेला तो माणूस एवढंच म्हणाला, "बसलं होतं मात्र छान."

*

चायनीज न्यू इयर आलं आणि सुट्ट्या संपल्या. इथे न्यू इयरला कुणाकडे गेलं की दोन संत्री न्यायची आणि दोन्ही हातांनी द्यायची. पंधरा दिवस हे चालतं. वैदेही म्हणाली, "लॉरी येवो न येवो, मी आंटीला संत्री देणार. कोपरा तिचा आहे, तिने वर्षभर दिला, हे काय कमी आहे?" मानसीने अळुवड्यांचा डबा दिला. इराने बिल्ला घरी ठेवला. बापटसाहेब आधीच बस स्टॉपवर उभे होते.

शेताच्या वळणावर आलो आणि वैदेही थांबली. फाटकात लॉरी उभी होती. तिच्यामागे छोटं खोदयंत्र.

"आलीच शेवटी," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

लॉरी बीप बीप करत मागे मागे, खाली कोपऱ्याच्या दिशेने जायला लागली. वैदेही दोन्ही हातांत संत्री धरून तशीच उभी राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. इराने तिचा कुर्ता धरला. कोपऱ्यात दोन बगळे नेहमीसारखे आपल्या कामात होते.

आणि बापटसाहेब! मला कळायच्या आत ते उतारावरून धावत सुटले. या वयात, ऑफिसच्या बुटांत. लॉरी आणि पाणी यांच्या मधोमध जाऊन त्यांनी दोन्ही हात पसरले.

"स्टॉप! नो फिलिंग! धिस इज अ... धिस इज अ..." शब्द सापडेना. "धिस इज वॉटर!" ते ओरडले.

लॉरी थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अंकल, यू स्टॉप मी फॉर व्हॉट? लॉरी एम्प्टी लाह!"

बापटसाहेब टाचा उंचावून आत डोकावले. मीही धावत जाऊन डोकावलो. हौद्यात मातीचा कणसुद्धा नव्हता.

एवढ्यात आंटी शेडमधून खाली आली, डोक्यावर तीच टोपी. बापटसाहेबांकडे तिने झाड मध्ये आल्यासारखं बघितलं आणि त्यांना वळसा घालून पुढे गेली. खोदयंत्रवाल्याला हाक मारली. हनुवटीने त्या चाय सिमच्या वाफ्याकडे बोट दाखवलं, बुडाला होता त्याच.

"धिस वन ऑल्सो," ती म्हणाली.

"हाऊ डीप?" त्याने विचारलं.

आंटी वळली. वैदेही अजून तिथेच उभी होती, दोन्ही हात पुढे, हातांत दोन संत्री, गालांवरून पाणी वाहतंय.

"ऑरेंज गिव्ह मी फर्स्ट," आंटी म्हणाली. "देन यू टेल हिम हाऊ डीप."